पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होत नाही: लिनक्सवर नेमकं कुठं अडलं हे कसं शोधायचं

पासवर्ड टाइप केला, एंटर दाबलं, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा लॉगिनचीच चौकट समोर. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच. उबुंटू किंवा लिनक्स मिंट वापरणाऱ्यांना कधी ना कधी हा अनुभव येतो. अशा वेळी पेन ड्राइव्ह शोधून सगळं नव्यानं इन्स्टॉल करायला बसणारे पुष्कळ असतात. त्याची गरज फार क्वचित पडते. तुमच्या फाइली बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. बिघाड असतो तो एखाद्या फाइलीच्या मालकीत, भरून गेलेल्या डिस्कमध्ये किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये. यातलं कोणतं हे आधी ठरवा आणि मगच हात घाला. नेटवर दिसेल ती कमांड चालवत सुटलं, तर मूळ बिघाड राहतो बाजूला आणि वर नवे दोन तयार होतात.

या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहायच्या. जिथं मोठं अक्षर लागतं तिथं तसं सांगितलं आहे. उदाहरणं उबुंटू आणि मिंटची आहेत.

एंटर दाबल्यावर काय काय घडतं ते आधी पाहू. लॉगिनची चौकट दाखवणारा प्रोग्राम वेगळा असतो: उबुंटूत जीडीएम, मिंटमध्ये लाइटडीएम, केडीई हा डेस्कटॉप असलेल्या बऱ्याच लिनक्समध्ये एसडीडीएम. तो तुमचं नाव आणि पासवर्ड ‘पॅम’ या व्यवस्थेकडं देतो. पासवर्ड जुळतो का, खातं बंद किंवा मुदतबाह्य तर नाही, हे पॅम तपासतं. ते पटलं की तुमच्या नावानं सत्र सुरू होतं. इथून पुढचं सगळं तुमच्या अधिकारात चालतं आणि तुमच्या होम फोल्डरमध्ये, म्हणजे तुमच्या फाइली आणि सेटिंगं असतात त्या फोल्डरमध्ये, लिहितं. शेवटी डेस्कटॉपचा प्रोग्राम, म्हणजे उबुंटूत नोम किंवा मिंटमध्ये सिनॅमन, ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मदतीनं डेस्कटॉप रंगवतं.

आता लॉगिनची चौकट परत का येते, ते बघा. सत्र संपलं की लॉगिन स्क्रीन दाखवायची, एवढंच त्या प्रोग्रामला माहीत असतं. तुम्ही स्वतः लॉगआउट केलंत की सत्र दोन सेकंदांत कोसळलं, हा भेद तो करत नाही. म्हणून पासवर्ड चुकला तर चौकटीखाली तसा संदेश येतो आणि तुम्ही तिथंच राहता. संदेश न येता स्क्रीन काळी होऊन चौकट परत आली, तर पासवर्ड बरोबर आहे आणि अडचण त्याच्या पुढच्या टप्प्यात आहे. हा फरक नीट पाहिला तर निम्मं काम तिथंच होतं.

पासवर्ड खरोखर चुकतोय असं दिसलं, तर मराठी लिहिणाऱ्यांनी सगळ्यात आधी कीबोर्डची भाषा बघावी. मराठी इन्स्क्रिप्ट चालू राहिलेलं असतं, चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळं काय उमटतंय ते कळत नाही. नोमच्या लॉगिन स्क्रीनवर वरच्या उजव्या कोपऱ्यात भाषेची दोन अक्षरं दिसतात. तिथं क्लिक करून किंवा सुपर आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजी निवडा. पासवर्ड देवनागरीत ठेवूच नका. कारण पुढं जी मजकुराची खिडकी वापरायची आहे, तिथं देवनागरी टाइप करायची सोय नाही.

काळ्या स्क्रीनवरचं लॉगिन

लिनक्समध्ये डेस्कटॉपखेरीज नुसत्या मजकुराच्या काही खिडक्या नेहमी तयार असतात. त्यांना टीटीवाय म्हणतात. लॉगिन स्क्रीनवर असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. लॅपटॉपवर सोबत एफएन की दाबावी लागू शकते. काळ्या स्क्रीनवर ‘लॉगिन:’ असं येईल. तिथं युजरनेम द्या, एंटर, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप होताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. कीबोर्ड बंद पडलाय असं समजून सोडून देऊ नका. उजवीकडच्या अंकांच्या पट्टीचं नमलॉक इथं बंद असू शकतं, म्हणून अंक वरच्या ओळीतले वापरा. परत ग्राफिक्सकडं जायला उबुंटूत कंट्रोल-ऑल्ट-एफ१ आणि मिंटमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ७.

सिस्टीमची भाषा मराठी ठेवली असेल तर इथं संदेशांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात, कारण या खिडकीला देवनागरी दाखवता येत नाही. ‘एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी’ ही ओळ द्या, त्यात ‘एलसी_ऑल’ आणि शेवटचं ‘सी’ मोठ्या अक्षरांत. यापुढचे संदेश इंग्रजीत, वाचता येतील असे येतील. भाषा बदलल्यावर नोम विचारतं, की डाउनलोड, डॉक्युमेंट वगैरे फोल्डरांची नावंही मराठी करू का. त्याला ‘जुनीच नावं ठेवा’ असं सांगणं शहाणपणाचं, नाहीतर अडचणीच्या वेळी त्या फोल्डरांपर्यंत टाइप करत पोचता येत नाही.

टीटीवायमध्ये लॉगिन झालं, तर पासवर्ड, खातं आणि मूळ सिस्टीम ठीक आहे. बिघाड डेस्कटॉपच्या बाजूला आहे. इथंही ‘लॉगिन इनकरेक्ट’ आलं तर पासवर्ड किंवा खात्याचा प्रश्न आहे, त्याचा उपाय लेखाच्या शेवटी दिला आहे. आर्च लिनक्सवर तीन वेळा चुकला की खातं दहा मिनिटं बंद होतं आणि त्या काळात बरोबर पासवर्डही नाकारला जातो. तेव्हा तिथं घाईघाईनं पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, थोडं थांबा.

आधी डिस्क

टीटीवायमध्ये शिरल्यावर पहिली कमांड ‘डीएफ -एच’. शेवटच्या रकान्यात नुसती तिरपी रेघ / असलेली ओळ शोधा आणि तिथं किती टक्के वापरलंय ते बघा. होमचं पार्टिशन वेगळं केलं असेल तर त्याचीही ओळ बघा. १०० टक्के दिसलं तर कारण सापडलं. डेस्कटॉपला सुरू होताना बारीकसारीक फाइली लिहाव्या लागतात, जागा नसली की सत्र कोसळतं. टीटीवायला फारसं काही लिहावं लागत नाही, म्हणून ते चालतं. शिवाय ईएक्सटी४ फाइल सिस्टीम मुळातच पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवते. त्यामुळं डिस्क भरली तरी सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकारानं, केलेली कामं बहुधा होतात, आणि याच सोयीमुळं साफसफाई शक्य होते.

‘सुडो एपीटी क्लीन’ दिलं की डाउनलोड केलेल्या पॅकेजांचा साठा जातो. ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम’, शेवटचा एम मोठा, दिलं की जुने लॉग २०० एमबीपर्यंत खाली येतात. एवढ्यानं लॉगिनपुरती जागा बहुतेकदा मिळते. मग मोठं काय आहे ते शोधायला ‘सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच’; सगळ्यात जड फोल्डर शेवटच्या ओळीत दिसेल आणि त्याच पद्धतीनं त्याच्या आत उतरत जायचं. मिंटवाल्यांच्या बाबतीत हा जड फोल्डर अनेकदा टाइमशिफ्ट या सिस्टीमच्या प्रती ठेवणाऱ्या प्रोग्रामचा निघतो: रोजचे स्नॅपशॉट, म्हणजे अशा प्रती, त्याच डिस्कवर साठत गेलेले असतात. ते हातानं पुसू नका. ‘सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट’ नं यादी बघा, ‘सुडो टाइमशिफ्ट --डिलीट’ नं जुने काढा.

जागा शिल्लक दिसते आणि तरी ‘नो स्पेस लेफ्ट’ असा संदेश येतो, असंही घडतं. तेव्हा ‘डीएफ -आय’ चालवा. लाखो चिमुकल्या फाइलींनी फाइलींच्या नोंदींची जागा संपवलेली असते. एमबीत मोजली तर ती भरलेली दिसत नाही.

फाइल तुमची, मालक दुसराच

डिस्क ठीक असेल तर पुढचा संशय मालकीवर. होम फोल्डरमध्ये असताना ‘एलएस -एलए’ द्या. प्रत्येक ओळीत आधी परवानगीची दहा अक्षरं, मग एक आकडा, मग मालकाचं नाव आणि गटाचं नाव येतं. दोन्हीकडं तुमचं युजरनेम असायला हवं. अपवाद एकच: ‘..’ ही ओळ, म्हणजे वरचा फोल्डर, ती रूटचीच असते. पण ‘.एक्सऑथॉरिटी’, ‘.आयसीईऑथॉरिटी’, ‘.कॅश’ किंवा ‘.कॉन्फिग’ यांपैकी कुठल्याही ओळीत ‘रूट रूट’ दिसलं, तर तिथंच मेख आहे. एक्सऑथॉरिटी या फाइलीत डेस्कटॉपला स्क्रीन वापरण्याचा परवाना लिहिलेला असतो. ती वाचायचा-लिहायचा अधिकार फक्त मालकाला असतो. मालक रूट झाला, की तुमचं सत्र ती उघडू शकत नाही, परवाना मिळत नाही, सत्र बंद. मिंटसारख्या लाइटडीएमवाल्या सिस्टीमवर हे जास्त दिसतं. वेलँड (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था; जुनी ती झॉर्ग) वापरणाऱ्या उबुंटूत हा परवाना होम फोल्डरमध्ये नसतोच, तिथं बहुधा ‘.कॅश’ किंवा ‘.कॉन्फिग’ची मालकी बदललेली आढळते.

मालकी बदलते कशी? खिडकीवाला एखादा प्रोग्राम सुडो लावून चालवला की त्याच्या सेटिंगच्या फाइली रूटच्या नावानं तयार होऊ शकतात. उबुंटू १९.१० च्या आधी सुडो तुमचंच होम वापरत असे, त्यामुळं हे सर्रास व्हायचं. आता तो मार्ग जवळपास बंद झालाय, पण ‘सुडो स्टार्टएक्स’ चालवणं किंवा बॅकअप सुडोनं कॉपी करून परत आणणं यातून तेच होतं.

मालकी बदलायची कमांड सी-एच-ओ-डब्ल्यू-एन या अक्षरांची. तिचा उच्चार चोन असा धरू. ‘सुडो चोन -आर नाव:नाव /होम/नाव’. यात आर मोठं, आणि तिन्ही ठिकाणी ‘नाव’च्या जागी तुमचं युजरनेम. एंटर दाबण्याआधी शेवटचा भाग पुन्हा वाचा. ‘/’ आणि ‘होम’ यांच्यामध्ये चुकून स्पेस पडली तर सबंध सिस्टीमची मालकी तुमच्या नावावर होईल, सुडोसकट बरंच काही बंद पडेल, आणि मग मात्र खरोखरच नव्यानं इन्स्टॉल करावं लागेल.

लगे हात ‘एलएस -एलडी /टीएमपी’ बघून घ्या. परवानगीच्या अक्षरांचा शेवट ‘टी’नं व्हायला हवा. नसेल तर ‘सुडो सीएचमॉड १७७७ /टीएमपी’. तात्पुरत्या फाइलींचा हा फोल्डर सगळ्यांना लिहिता येण्याजोगा नसला तर कोणाचाच डेस्कटॉप नीट सुरू होत नाही. ‘.प्रोफाइल’ किंवा ‘.एक्सप्रोफाइल’ या फाइलींत अलीकडं काही ओळी टाकल्या असतील तर त्यांचं नाव बदलून बाजूला ठेवा. त्यातली एक चुकीची ‘एक्झिट’ सत्र तिथंच संपवते.

एवढं करूनही उलगडा होत नसेल तर सगळ्यात उपयोगी चाचणी करा. ‘सुडो ॲडयूजर चाचणी’ नं नवं खातं बनवा, अर्थात नाव रोमन अक्षरांत द्या, आणि ग्राफिक्सच्या लॉगिन स्क्रीनवरून त्यात शिरून बघा. नवं खातं उघडलं तर सिस्टीम आणि ड्रायव्हर निर्दोष, दोष तुमच्या होम फोल्डरमधल्या सेटिंगांत. तेही उघडलं नाही तर तुमच्या फाइलींच्या मागं लागू नका. ही चाचणी लोक फार उशिरा करतात; खरं तर डिस्क बघितल्यावर लगेच केली तरी चालेल.

सेटिंगांत दोष निघाला आणि डेस्कटॉप नोम असेल, तर एक्स्टेन्शनांवर, म्हणजे नोमला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांवर, पहिला संशय घ्या. नोमची आवृत्ती बदलली की जुनी एक्स्टेन्शनं सबंध डेस्कटॉपला घेऊन पडतात. पांढऱ्या पडद्यावर ‘ओह नो’ असा संदेश येतो तो बऱ्याचदा यामुळंच. होम फोल्डरमध्ये ‘.लोकल/शेअर/नोम-शेल/एक्स्टेन्शन्स’ या फोल्डरचं नाव ‘एमव्ही’ कमांडनं बदला आणि लॉगिन करून बघा. चालू झालं की एकेक परत आणा. पुसण्यापेक्षा नाव बदलणं नेहमी चांगलं, कारण अंदाज चुकला तर परत फिरता येतं.

ग्राफिक्सचा घोळ

नव्या खात्यातही डेस्कटॉप येत नसेल आणि मशीनमध्ये एनव्हिडियाचं कार्ड असेल, तर अलीकडं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झालाय का ते आठवा. एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी जुळता असावा लागतो. अपडेट मध्येच तुटला किंवा बांधणी फसली, की नवा कर्नल सुरू होतो पण ड्रायव्हर नसतो. याची खात्री करायचा सरळ मार्ग म्हणजे जुन्या कर्नलवर सुरू करून पाहणं. मशीन चालू होताना (मदरबोर्डवरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) युईएफआय असेल तर एस्केप, जुनं बायोस असेल तर शिफ्ट दाबा. ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येईल. एस्केप जास्त वेळा दाबली गेली तर ‘ग्रब>’ असं लिहिलेला स्क्रीन येतो; कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून पुन्हा प्रयत्न करा. मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीच्या आवृत्तीच्या कर्नलची, ‘रिकव्हरी मोड’ न लिहिलेली ओळ निवडा. त्यावर डेस्कटॉप आला तर निदान पक्कं.

मग ‘डीकेएमएस स्टेटस’ आणि ‘एनव्हिडिया-एसएमआय’ काय सांगतात ते बघा आणि ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ चालवा. सिक्युअर बूट (खात्रीशीर सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळा स्क्रीन येतो. तिथं ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा निळा स्क्रीन घाबरून ‘कंटिन्यू’ करून टाकला, की ड्रायव्हर इन्स्टॉल होऊनही कर्नल त्याला आत घेत नाही. एनव्हिडियाच्या कितीतरी तक्रारींचं मूळ एवढंच असतं.

ग्रबनंतर थेट काळा स्क्रीन येत असेल, तर मेनूत उबुंटूच्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी स्पेस देऊन ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. चित्र खडबडीत दिसेल, पण ड्रायव्हर दुरुस्त करण्यापुरता डेस्कटॉप मिळेल.

उबुंटू २२.०४ किंवा २४.०४ असेल तर आणखी एक सोपी गोष्ट करून बघता येते. लॉगिन स्क्रीनवर नावावर क्लिक केल्यावर खाली उजवीकडं दातेरी चाक दिसतं. त्यात ‘उबुंटू ऑन झॉर्ग’ निवडा. वेलँडवर अडणारं सत्र झॉर्गवर कधी कधी सुरळीत चालतं. २५.१० पासून उबुंटूनं नोमसाठी हा पर्याय काढून टाकला आहे.

आणि नेमका दोष वाचायचा असेल तर ‘जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर’. या वेळच्या बूटपासूनच्या फक्त चुका दिसतात. आधीच्या बूटच्या हव्या असतील तर ‘-बी’ नंतर स्पेस देऊन ‘-१’ लिहा. लॉगिनचा प्रयत्न करून लगेच ही यादी बघितली तर शेवटच्या दहावीस ओळींतच बहुधा उत्तर असतं.

वीज गेल्यावर

अपडेट चालू असताना वीज गेली, बॅटरी संपली, तर पॅकेजं अर्धवट राहतात. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’ या दोन कमांडी अर्धं राहिलेलं काम पुरं करतात. डेस्कटॉपचीच पॅकेजं गेली असतील तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप’.

वीज जाण्यानं फाइल सिस्टीम बिघडली तर स्क्रीन ‘इनिटरॅमएफएस’ असं लिहून थांबतो. वरच्या ओळींत पार्टिशनचं नाव असतं, उदाहरणार्थ ‘/डेव्ह/एसडीए२’, आणि एफएससीके (फाइल सिस्टीम तपासणारी कमांड) हातानं चालवा असं सांगितलेलं असतं. तेच नाव घेऊन ‘एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२’ चालवा, संपल्यावर ‘एक्झिट’. एकदा झालं तर वीज कारण मानता येईल. वीज न जाता पुन्हा पुन्हा होत असेल तर डिस्कच जाऊ लागली आहे असं समजा. ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे पॅकेज टाकून ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’ बघा. फिरत्या डिस्कच्या बाबतीत ‘करंट पेंडिंग सेक्टर’च्या ओळीत शेवटचा आकडा शून्य नसेल, तर बाकी सगळे उपाय थांबवून आधी फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या.

आत शिरल्यावरच्या तक्रारी

लॉगिन झालं पण पट्टी गायब, खिडक्यांची वरची पट्टी नाही, मेनू गोठला, अशा वेळी मशीन बंद करायची गरज नसते. सिनॅमनमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एस्केप दाबलं की डेस्कटॉप नव्यानं उभा राहतो, उघडे प्रोग्राम तसेच राहतात. एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्ये खिडक्यांची वरची पट्टी गेली असेल तर ऑल्ट-एफ२ दाबून ‘एक्सएफडब्ल्यूएम४ --रिप्लेस’. नोममध्ये ऑल्ट-एफ२ नंतर ‘आर’ आणि एंटर, पण हे फक्त झॉर्गवर. वेलँडवर लॉगआउट करण्यावाचून पर्याय नाही.

काहीच हलत नसेल, टीटीवायही उघडत नसेल, तर पॉवरचं बटण दाबून धरण्याआधी ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन धरून एस, यू, बी ही अक्षरं दोन-तीन सेकंदांच्या अंतरानं दाबा. एसनं मेमरीत राहिलेलं डिस्कवर उतरतं, यूनं डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली जाते, बीनं मशीन पुन्हा सुरू होतं. पुष्कळ ठिकाणी आर-ई-आय-एस-यू-बी अशी सहा अक्षरं सांगितली जातात, पण उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये पहिली तीन बंद असतात.

पासवर्ड खरंच विसरला असाल तर

ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘रिकव्हरी मोड’ निवडा आणि येणाऱ्या मेनूत ‘रूट’. डिस्क इथं फक्त वाचण्यापुरती जोडलेली असू शकते, म्हणून आधी ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’. ही पायरी राहिली तर पासवर्ड बदलताना ‘ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर’ असा गूढ संदेश येतो. मग ‘पासडब्ल्यूडी नाव’ देऊन नवा पासवर्ड दोनदा टाइप करा आणि ‘रीबूट’.

सुडोचा अधिकारच गेला असेल, तोही इथूनच परत मिळतो: ‘यूजरमॉड -एजी सुडो नाव’, त्यात ए छोटं आणि जी मोठं. बहुतेकांचा अधिकार याच कमांडीतलं ‘ए’ विसरल्यानं गेलेला असतो. ‘ए’ नसेल तर नव्या गटात टाकताना बाकीच्या सगळ्या गटांतून नाव काढलं जातं.

मशीन हातात असलेल्या कोणालाही या मार्गानं पासवर्ड बदलता येतो. ते नको असेल तर इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते. पण त्या एन्क्रिप्शनचा पासवर्ड विसरला तर वरचा उपाय चालत नाही. वेगळी रिकव्हरी की जपून ठेवली असेल तरच डेटा उघडतो.

नव्या पासवर्डनं आत शिरल्यावर ‘लॉगिन कीरिंग’चा जुना पासवर्ड मागणारी खिडकी वरचेवर येईल. ब्राउझर आणि इतर प्रोग्रामांचे साठवलेले पासवर्ड त्या कीरिंगमध्ये जुन्याच कुलपात असतात. जुना आठवत नसेल तर होम फोल्डरमधल्या ‘.लोकल/शेअर/कीरिंग्ज’ मधील ‘लॉगिन.कीरिंग’ या फाइलीचं नाव बदला आणि लॉगआउट करून पुन्हा या. नवी कीरिंग आपोआप तयार होईल. साठवलेले पासवर्ड मात्र एकदा नव्यानं द्यावे लागतील.